दुतोंड्याची बाजू

“आपण जिंकलो,” असं म्हणून काकांनी हेडफोन काढला आणि स्टँडला अडकवला. “हे वाक्य मी देणार नाही.”

काचेपलीकडे लेखिकेने कपाळावर हात मारून घेतला. परदेशी मालिकेचे संवाद मराठीत आणून पडद्यावरच्या ओठांवर बसवणं हे तिचं काम, आणि ते आपल्या आवाजात म्हणणं हे काकांचं. जादूगार, राक्षस, उडते घोडे अशी सगळी भरताड असलेल्या या मालिकेत पहिल्या पर्वापासून काका एकाच माणसाचा आवाज होते. हा माणूस राणीचा हेर म्हणून काळ्या राजाकडे राहायचा आणि काळ्या राजाचा हेर म्हणून राणीकडे. मालिकेत त्याला चांगलं भारदस्त नाव होतं. स्टुडिओत सगळे त्याला दुतोंड्या म्हणत.

पडद्यावर चित्र थांबलेलं होतं. काळ्या राजाचा किल्ला रिकामा, राणी सैन्यासकट आत शिरलेली, तिच्या मागे दरवाजा बंद होतोय. समोर दुतोंड्या उभा, आणि पर्वाचं शेवटचं वाक्य त्याच्या तोंडी. मूळ भाषेत ते दोन शब्दांत उरकलं होतं. पण त्या भाषेला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक ठाऊक नाही, आणि मराठीचं तर त्यावाचून पान हलत नाही. ‘आपण जिंकलो’ म्हटलं, की तो राणीचा. ‘आम्ही जिंकलो’ म्हटलं, की राणी सापळ्यात सापडली.

“काका, मी विचारलं कंपनीला. ‘आहे तसंच ठेवा’ म्हणतात. त्यांना प्रश्नच कळत नाहीये,” लेखिका माइकवरून म्हणाली. “‘आपण’च म्हणा ना. लोकांना आवडतो तो.”

“आणि पुढच्या पर्वात तो काळ्या राजाचा निघाला तर?”

मागच्या पर्वात लेखिकेचे हात एकदा पोळले होते. मुखवट्याआडचा सेनापती कोण, हे शेवटपर्यंत कुणाला कळू नये म्हणून त्याचा आवाजसुद्धा घोगरा ठेवला होता, आणि हिने त्याच्या तोंडी लिहिलं, ‘मी आले.’ झालं! सेनापती बाई आहे, हे मराठी प्रेक्षकांना साऱ्या जगाआधी कळलं. लोकांनी भरपूर थट्टा केली. कंपनीने थट्टा केली नाही. पुन्हा असं घडलं तर दुसरी लेखिका बघू, एवढंच कळवलं.

“चुकलं तर काम माझं जाईल, तुमचं नाही,” ती म्हणाली.

“म्हणून तर म्हणत नाही. आणि मला त्याचंही वाईट वाटतं गं. राणी म्हणते आमचा, राजा म्हणतो आमचा. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकाने तरी त्याला बस म्हटलंय? पाणी विचारलंय? आणि आता त्याची बाजू मात्र मी सांगून टाकायची.”

“काका, मालिका आहे ती.”

“माहीत आहे. पण आवाज माझा आहे.” काकांनी हेडफोन पुन्हा चढवला. “‘आम्ही’ही नको आणि ‘आपण’ही नको. दोन्ही काढून टाक. लाव रे.”

लेखिकेशेजारी बसलेल्या रेकॉर्डिस्टने चित्र मागे नेऊन सोडलं.

“जिंकलो.”

“नाही काका. तोंड आधीच उघडतंय आणि आवाज मागून येतोय. जांभई दिल्यासारखं दिसतं.”

“होय, जिंकलो.”

“त्याला विचारलंय कुणी?” लेखिका म्हणाली.

“राणीसाहेब, जिंकलो.” वाक्य संपेपर्यंत दुतोंड्या तोंड मिटून मोकळा झाला होता.

लेखिकेने घड्याळाकडे पाहिलं. भाग दुपारीच पाठवायचा होता. “जाऊ द्या ना काका. म्हणा ‘आपण’, माझं मी बघून घेईन.”

“नाही.” काका आता हट्टाला पेटले होते. त्यांनी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्या चेहऱ्याकडे पाहिलं. भाजलेली भुवई, कोरडे ओठ. हा माणूस आनंदात आहे असं कुणी म्हणालं नसतं, आणि दुःखात आहे असंही नाही. “‘अ’वर उघडतंय तोंड. परत लाव.”

रेकॉर्डिस्टने लावलं.

“अखेर जिंकलो.”

ओठ चपखल बसले. रेकॉर्डिस्टने ते पुन्हा ऐकवलं, मग तिसऱ्यांदा.

“बघा, मी म्हणत नव्हतो?” तो म्हणाला. “काळ्या राजाचाच माणूस. किती थंड बोलतोय!”

“कान तपासून घे तुझे,” लेखिका म्हणाली. “आवाज भरून आलाय त्याचा. राणीचाच आहे तो.”

“पैज?”

“लाव पैज.”

आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण दोघंच जर असे भांडतोय, तर घराघरांतही भांडतील, म्हणजे काहीही फुटलेलं नाही. सकाळपासून पहिल्यांदा ती हसली. तिने लगेच भाग पाठवायला सांगितला आणि धावत आतल्या खोलीत गेली.

काका खाली वाकून बुटांची नाडी बांधत होते.

“काका, आता खरं सांगा. म्हणताना मनात काय धरलं होतंत? ‘आम्ही’ की ‘आपण’?”

“‘मी’,” काका म्हणाले.