एका आट्याचा फरक

आईनं काळ्या कापडावर तीन जुन्या लेन्स मांडल्या आणि बॅटरी पेटवून पहिलीच्या मागून आत उजेड सोडला.

"हीच द्या की मावशी. किती नवी दिसतेय!" भूगोलाच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या गळ्यातला डिजिटल कॅमेरा नवा होता. त्याच्या तोलामोलाची लेन्स घेणं परवडत नव्हतं. दर महिन्याला पुलावरून नदीचा लांबचा काठ टिपायचा आणि तो किती ढासळला ते वर्गात दाखवायचं, एवढंच त्यांना करायचं होतं.

"वरून नवी. आत डोकवा." काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. दुसरीच्या आतली, उजेड कमी-जास्त करणारी पाती तेलानं चिकटली होती. "हिचा डोळाच उघडत नाही," म्हणून आईनं तीही बाजूला सारली. तिसरीच्या कडेला पोचा होता, रंग उडाला होता. काच मात्र नितळ. "ही घ्या. पोचा फोटोत येत नाही. तुम्हाला बघवत नसेल तर त्यावर बोट ठेवून फोटो काढा."

"पण फोकस हातानं करावा लागेल ना?"

"मग हात काय नुसते फळ्यावर लिहायला दिलेत?"

दोघी हसल्या. कामाच्या टेबलाशी बसलेली लेकही हसली. दुरुस्तीचं हे दुकान आईचं. लेक तिच्याच हाताखाली शिकलेली.

"फोकसचं कडं जरा जड फिरतंय," आई म्हणाली. "जुनं ग्रीस काढून नवं भरते. उद्या या."

दुपारी तिनं लेन्स उघडली. अशा लेन्समध्ये दोन नळ्या एकमेकींत आट्यांवर फिरतात. सोडवताना त्या जिथं सुटतात तिथं सुईनं खूण करायची आणि जोडताना तिथूनच बसवायच्या. एक आटा चुकला की जवळचं स्वच्छ आणि लांबचं धूसर.

संध्याकाळी लेकीनं अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी कडी, लावून ती लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवली आणि दारात उभी राहिली. रस्त्याच्या टोकाला, लांबवर पाण्याची टाकी होती. तिनं कडं शेवटपर्यंत फिरवलं. टाकी धूसर. परत फिरवलं. धूसरच.

"कशी दिसतेय?" आईनं आतून विचारलं. ती चष्मा काढून डोळे चोळत होती.

"लख्ख."

"दिसणारच. काम कुणाचं आहे!"

सकाळी आई यायच्या आत उघडून नीट करू, असं लेकीनं ठरवलं. गेल्या वर्षभरात तिनं असं दोनदा केलं होतं.

सकाळी आई उठलीच नाही.

सतरा दिवसांनी दुकान उघडलं. मामा, आईचा धाकटा भाऊ, मदतीला आला होता. पहिल्याच दिवशी भूगोलाच्या बाई आल्या आणि उंबऱ्याशीच थबकल्या. "मी नुसती भेटायला आले. लेन्सचं राहू दे."

फळीवर कागदात गुंडाळलेली लेन्स होती. वर आईच्या अक्षरात 'भूगोल'.

"देऊन टाक," मामा हळूच म्हणाला. "ताईच्या हातचं शेवटचं काम आहे."

"यातून लांबचं दिसत नाही, मामा."

मामा आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "अडॅप्टरचा दोष म्हणावं. गेलेल्या माणसाच्या कामात खोट काढू नये गं. हात नको लावूस."

"नदीचा काठ लांब आहे," लेक म्हणाली आणि बाईंकडे वळली. "अर्धा तास बसाल?"

ती आईच्या स्टुलावर बसली. स्क्रू बाटलीच्या झाकणात ओळीनं ठेवले. नळ्या सोडवल्या. खुणा दिसायच्या तर कडेचं ग्रीस पुसावं लागणार होतं. आईनं भरलेलं ते ग्रीस. तिनं फडकं घेतलं, थोडा वेळ ते नुसतंच हातात धरलं आणि मग पुसलं.

दोन खुणा होत्या. एक नवी, केसासारखी बारीक आणि सरळ. ती आईची. हात जराही कापला नव्हता. दुसरी जुनी, खोल, कुणा परक्या कारागिरानं ओरबाडलेली. जोडताना आईनं बोटानं चाचपली असणार, आणि बोटाला लागली ती परक्याची.

लेकीनं आईच्या खुणेवर नळी टेकवली. आटे अलगद धरले. स्क्रू परत बसवले, अडॅप्टर चढवला आणि दारात जाऊन टाकीवर कॅमेरा रोखला. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या एकेक करून मोजता येत होत्या.

बाईंनीही बघितलं. बराच वेळ बघितलं. "किती स्पष्ट! काय बिघडलं होतं हो?"

मामानं हातातलं काम थांबवलं. अडॅप्टर, असं म्हटलं असतं तर बाई मान डोलावून गेल्या असत्या.

"आईचं चुकलं होतं," लेक म्हणाली. ती एवढ्यावरच थांबणार होती. पण मग ती आत, टेबलाकडे वळली आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, तुला दिसेनासं झालं होतं गं. मला माहीत होतं."