हिरवा पुरावा

लढाईत मेल्याची तार आली, तेरावं उरकलं, आणि मग सोपान औंढ्याला चालत परतला. बायको दार उघडेना. "भूत हाय ते! उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई मी!"

गावानं दोघांना लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सोपानच्या गालातलं जरासं खरवडून त्यावर रंग टाकला. "झुंबरबाई, जिवंत पेशी हिरव्या चमकतात. बघा भिंगातून."

हिरवंगार चमकत होतं. सोपानचा जीव भांड्यात पडला.

झुंबरबाई किंचाळली, "आवो डागदर, अंधारात भूतच चमकतं की!"

"अहो, माझ्याही चमकतील," म्हणत डॉक्टरांनी स्वतःचा गाल खरवडून दाखवला. चमकल्या.



त्या अमावास्येला गावानं वेशीबाहेर दहीभाताची दोन पानं मांडली. डॉक्टरांच्या पानात, शिकलेलं भूत म्हणून, लिंबाचं लोणचंही वाढलं.