उरलेले दोन ठिपके

पणजी तान्हुबाई, आजी गजराबाई, आई हौसाबाई. तिघींच्याही उजव्या मनगटावर गोंदणाचे पाच हिरवे ठिपके होते. लीलावती मात्र नवव्या वर्षी, तिसरा ठिपका होताच, गोंदणारीचा हात झटकून पळाली होती.

आता हौसाबाईंना लेकीचा चेहराही आठवत नसे. रोज सकाळी त्या तिचे मनगट धरून ठिपके मोजत आणि खुदकन हसत. “तीनच! म्हणजे तू माझी लीला. दोन ठिपके देणं लागतेस गं मला, पळपुटे!”

आईची एवढी एक इच्छा तरी पुरवावी, म्हणून साठीच्या लीलावतीने बाजारपेठेतल्या दुकानात यंत्राच्या सुईखाली हात धरला. या वेळी ती जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या उमेदीने मनगट पुढे केले. हौसाबाईंनी ठिपके दोनदा मोजले, मग हात सोडून डोक्यावरचा पदर सावरला. “पाच आहेत. तुम्ही कुणाच्या हो, बाई? माझ्या लीलाचे तीनच. भेटली तर सांगा तिला, आई वाट पाहतेय.”

लीलावतीने मनगट पदराखाली घेतले.

“भेटली होती,” ती म्हणाली. “तिने तुमचं सगळं देणं फेडलं.”