काळजातला पंप

बायको मनकर्णा गेल्याचं सांगताना डॉक्टर देवाजीला म्हणाले, "ऑपरेशन करायला हवं होतं." वर्षापूर्वी ऑपरेशनचं नाव निघताच मनकर्णा म्हणाली होती, "काळीज कोणी कापू देते का जी?" तिला समजावण्याइतकं तेव्हा देवाजीलाही समजलं नव्हतं.

महिन्याभराने शेजारच्या मधुकररावांनी त्याला आपल्या नव्या टीव्हीपुढे बसवलं. पडद्यावर मनकर्णाच्याच आजाराची माहिती चालू होती; हृदय पंपासारखं रक्त ढकलत होतं. त्यातला अडकलेला व्हॉल्व्ह कसा बदलतात, ते चित्रं काढून दाखवत होते.

"समजून राहिलं का गा, देवाजी?"

काटोलच्या संत्राबागांतले पंप दुरुस्त करण्यात देवाजीचा जन्म गेला होता.

"व्हॉल्व्हच बदलाचा होता, भाऊ. हे तं मी तिले समजावलं असतं."

 

गावोगावच्या पंपांचे व्हॉल्व्ह त्याने बदलले. मनकर्णाचा तेवढा राहिला.