ताईचा ब्लॉक

"ताईचा ब्लॉक जरा खाली घे," मावशी म्हणाली.

मुलीनं पडद्यावरचा तो फोटोचा चौकोन माउसनं पकडला आणि खाली ओढला. लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या त्या दुकानाची वेबसाइट जुळवायचं काम तिच्याकडे आलं होतं, त्यामुळे ती खुशीत होती. दुकान दोघी बहिणींचं. मावशी गिऱ्हाईक सांभाळायची, शिवायची ती मुलीची आई. ब्लॉकमध्ये तिचाच फोटो होता. पांढऱ्या कापडावर वाकून मोती टाचणारी आई, चेहऱ्याची डावी बाजू कधीकाळी भाजून आक्रसलेली.

आई त्याच खोलीत, भिंतीशी बसून मशीन चालवत होती.

गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांखालीही मावशीला तो ब्लॉक खटकला. मग तो पत्त्याखाली गेला, नकाशाखाली गेला. पुढे जागाच उरली नाही. तेव्हा मावशी आवाज उतरवून समजावू लागली, की ताईवर आपला जीव आहे, पण नवरी मुलगी पेज उघडते ती सुंदर काही बघायला. तिच्या मनात चर्र झालं की ती परत फिरकत नाही. आवाज उतरला तरी खोली काही मोठी झाली नव्हती. मशीन मात्र चालूच राहिलं.

काढून टाक, असं मावशी म्हणाली नाही. युक्ती मुलीलाच सुचली. तिनं फोटो वरून कापत आणला. आधी केस गेले, मग चेहरा, मग गळा. उरले दोन हात, बोटांत सुई, खाली झुळझुळीत कापड. तो ब्लॉक उचलून तिनं थेट सगळ्यात वर, मावशीच्या हसऱ्या फोटोला खेटून ठेवला. बघणाऱ्याला ते हात मावशीचेच वाटले असते. पान एकदम उठून दिसायला लागलं. मुलीला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मावशीनं तिची पाठ थोपटली आणि खाली घालायला ओळ सांगितली. 'प्रत्येक टाका माझ्या हातचा.' मुलीनं ती टाइप केली.

मशीन थांबलं. आई चष्मा पुसत आली आणि दोघींच्या मागे उभी राहून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"छान दिसतंय," आई म्हणाली.

मावशीला धीर आला. "ताई, आता लोक हे बघून येणार. तू आतल्या खोलीत बसत जा. उगाच कुणी काही विचारायला नको."

आतली खोली म्हणजे कापडाच्या ताग्यांची, बिनखिडकीची. आईनं बहिणीकडे पाहिलंच नाही, मुलीकडे पाहिलं. मुलगी पडद्यावरची नजर काढत नव्हती.

आईनं मशीनची वायर काढून गुंडाळली. टेबल एका बाजूनं उचलून पाहिलं. एकटीला ते झेपेना.

"दुसरी बाजू धर," ती म्हणाली.

मुलगी उठली आणि तिनं धरली. ती आतल्या खोलीकडे उलट्या पावलांनी चालत होती, आणि आई तिला सांगत होती, हळू, मागे उंबरा आहे.