काचेच्या टाकीतले मासे

“मेले तर मेले, नवे आणून सोडा!” साहेब काचेवर टिचकी मारत म्हणाले.

टाकीतले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. ओढ्याचं पाणी शहराला सोडण्याआधी आम्ही त्यातलं थोडं या टाकीत घेतो. मासे जगले तरच पाणी सोडायचं, हा जलशुद्धीकरण केंद्राचा नियम. वरच्या कारखान्याने रात्री पुन्हा घाण सोडली होती. पण आज नगराध्यक्षांच्या घरी लग्न, मग नळ कोरडे राहून कसं चालेल?

शिपायाने बाजारातून मासे आणले. तासाभरात तेही मेले.

“केमिस्ट मॅडम, आणखी मागवा,” साहेब घड्याळ बघत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी शहराला पाणी सोडायच्या व्हॉल्व्हसमोर जाऊन उभी राहिले.

“मासे बाजारात मिळतात, साहेब. माणसं कुठून आणाल?”