वाकडं अंगण

“परत अडकलं,” म्हणत लेकीने कंट्रोलर मांडीवर टाकला.

बापाने स्टूल पुढे ओढलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि माउस हातात घेतला. त्याचं आयुष्य शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेलेलं. यंत्र अडकलं म्हणजे कुठेतरी कचरा आहे, नाहीतर तेल संपलंय, तिसरं कारण त्याला ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या या मारामारीतलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण आठवडाभरात गेमची सगळी सेटिंग्ज मात्र तोंडपाठ झाली होती.

“सावल्या काढल्यात का?”

“त्या परवाच काढल्यास.”

“पाण्यातली प्रतिबिंबं?”

“तीही गेली, बाबा.”

“मग ही मागची माणसं काढू. तेवढाच भार कमी. बघायला कोण लागतंय आपल्याला!”

त्याने बटण दाबलं. बंदराच्या धक्क्यावर टोप्या उडवत, आरडाओरडा करत उभी असलेली गर्दी एका क्षणात नाहीशी झाली. मोकळ्या धक्क्यावर लढणारे दोघेच उरले.

रविवारी स्पर्धा होती आणि नाव द्यायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. पाच ठोशांची साखळी एकदा जरी सलग जमली तर नाव द्यायचं, असं लेकीने ठरवलं होतं. गेल्या वर्षी याच साखळीच्या जोरावर तिने भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं.

तिने पुन्हा खेळ सुरू केला. तिची पांढऱ्या केसांची बाई पडद्यावर झेपावली. एक, दोन, तीन, चार. पाचवा ठोसा उशिरा निघाला आणि हवेत गेला. समोरच्या दांडगटाने बाईला उचललं आणि आपटलं.

बाप पडद्याकडे बघतच नव्हता. तो लेकीच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा बटणावर वेळेत आला होता, पण दाब पडायला जरासा उशीर झाला. सुई खाली आली आणि खालच्या दोऱ्याचं शटल एवढंसं मागे राहिलं की टाका सुटतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आधी अंगठा, मग हळूहळू सगळा हात, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. घरी आल्यापासून त्यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ती कप डाव्या हाताने उचलायला लागली आणि तो तिची वेणी घालायला लागला, एवढंच.

“आता कितीवर चाललंय?” तिने विचारलं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायचा. सेकंदाला साठ चित्रं असली की खेळ लोण्यासारखा चालतो, कमी झाली की अडकतो, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. लक्ष विचलित होतं म्हणून तो आकडा त्याने पहिल्याच दिवशी बंद करून टाकला होता. रोज ती आंघोळीला गेली की तो एकटा उघडून बघायचा.

“पंचेचाळीस,” तो म्हणाला. “मधूनच चाळीसवरही येतो. जुनं झालंय गं मशीन.”

धडधाकट मशीनला त्याने उभ्या जन्मात कधी नावं ठेवली नव्हती. टाके तिरके येतात म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं, की मशीन चालवून दाखवायचा आणि हसत म्हणायचा, नाचता येईना अंगण वाकडं! गिऱ्हाइकंही हसायची. आज अंगण वाकडं असल्याचं तोच शपथेवर सांगत होता.

लेकीने त्याच्याकडे नीट बघितलं.

“बाबा, दुकानात काय म्हणतोस रे तू लोकांना?”

“ते गिऱ्हाइकांना. तुला नाही.”

“आकडा लाव.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणखी काही पुसण्यासारखं उरलं नाही तेव्हा त्याने आकडा लावला.

साठ.

ती खेळली. चार ठोसे बसले, पाचवा हुकला. साठ जागचा हलला नाही.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

ती डाव्या हाताने उजवा अंगठा चोळत बसली. बापाला वाटलं, ओरडली असती, रडली असती, खोटारडा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

“मग ती माणसं उगाच घालवलीस की,” ती म्हणाली. “आण परत. सगळं आण.”

त्याने एकेक करून सगळं परत आणलं. सावल्या आल्या, पाण्यात बोटी दिसायला लागल्या. गर्दी जशी गेली होती तशीच, ओरडतच परत आली. साठचे साठच राहिले.

“नाव देतेस ना?” त्याला राहवलं नाही.

तिने मान हलवली. नाही. मग वाकून टेबलाच्या खणातून दुसरा कंट्रोलर काढला आणि त्याच्या हातात दिला.

“अगं, मला कुठे येतं यातलं काही!”

“म्हणून तर.”

धक्क्यावरची माणसं टोप्या उडवत होती. बापाच्या वाट्याला आलेला दांडगट नुसताच उभा होता. पांढऱ्या केसांची बाई झेपावली. एक, दोन, तीन, चार. बापाचा अंगठा बटणावर होता. त्याने तो न दाबता तसाच धरून ठेवला, तिचा पाचवा ठोसा येईपर्यंत.